आधी हात धुवा

अधीक्षकांनी लिफाफ्यावर लाखेचं सील दाबलं तेव्हा आठ पस्तीस झाले होते, आणि सूनबाईंना नऊ वाजेपर्यंत बोलायचं नव्हतं. पुढच्या पाच दिवसांत जे काही रामायण घडलं, त्याचं मूळ या पंचवीस मिनिटांत आहे.

सूनबाई म्हणजे अधीक्षकांची पत्नी. गेली सोळा वर्षं त्यांचा नेम होता: सकाळी उठल्यापासून प्रार्थना आटोपून नऊ वाजेपर्यंत मौन. घराला आग लागली तरी त्या आधी बादली भरतील आणि नऊनंतर "आग" म्हणतील, असं त्यांच्या सासूबाई कौतुकानं सांगत. कौतुकानंच सांगत की नाही, हे मात्र ऐकणाऱ्यानं ठरवायचं. तेवढ्या वेळात काही कळवायचं असेल तर सूनबाई कागदावर लिहीत, आणि कागदाला घरात तोटा नव्हता. अधीक्षकांच्या कचेरीत दर वर्षी छापील फॉर्म बदलत, जुने रद्द होत, आणि ते पाठकोरे गठ्ठे अधीक्षक घरी आणत. दूधवाल्याला "उद्या अर्धा लिटर जास्त" ही चिठ्ठीसुद्धा राजमुद्रा असलेल्या कागदावर जायची.

कचेरी म्हणजे छाननी कक्ष. मोठमोठ्या सरकारी पदांवर ज्यांची नावं मंत्रिमंडळ सुचवतं, ती माणसं त्या पदाला लायक आहेत की नाहीत हे तिथे तपासतात. म्हणजे तसं दारावरच्या पाटीवर लिहिलंय. अधीक्षक तिथे बावीस वर्षं होते आणि बावीस वर्षांत त्यांनी प्रत्येक फायलीवर एकच शेरा लिहिला होता: "आक्षेप नाही." त्यांचं अक्षर सुरेख होतं.

उमेदवाराला विचारायच्या प्रश्नांचा कागद गोपनीय असे. तो कपाटात ठेवायचा नियम होता, पण कपाटाचं कुलूप तीन वर्षांपूर्वी मोडलं होतं आणि दुरुस्तीची फाईल छाननीत होती. म्हणून आदल्या संध्याकाळी अधीक्षक तो कागद घरी आणत, सकाळी स्वतःच्या हातानं लिफाफ्यात घालून सील करत आणि समितीपुढे ठेवत.

त्या बुधवारी जेवणाच्या टेबलावर, एकाच काचेच्या वजनाखाली दोन कागद होते. एक अधीक्षकांचा. दुसरा सूनबाईंचा.

सासूबाई सव्वा महिन्यापूर्वी न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. सरकारी रुग्णालयात ऑपरेशन चांगलं झालं, पण नंतरच्या अकरा दिवसांत पडून पडून पाठीला जखम झाली आणि त्या घरी आल्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, जखम कोरडी ठेवायची, पायांमधली उशी हलू द्यायची नाही. सूनबाईंची रजा रविवारी संपत होती. सोमवारपासून घरात धड हातांचं माणूस हवं होतं. एजन्सीनं पाठवलेली पहिली बाई दोन दिवसांत गेली, दुसरीनं उशी चुकीच्या बाजूला लावली. म्हणून सूनबाईंनी पाठकोऱ्या कागदावर, नीट आकडे घालून, चौदा प्रश्न लिहून ठेवले. आता जी कुणी येईल तिला हे विचारल्याशिवाय घेणार नाही, असं ठरवून.

अधीक्षक गेले. सूनबाई सासूबाईंचं अंग पुसून बाहेर आल्या, तर टेबलावर वजनाखाली एकच कागद, आणि त्यावर अक्षर छापील.

त्या खिडकीकडे धावल्या. अधीक्षक फाटकाशी पोचले होते. सूनबाईंनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. अधीक्षकांनी वर पाहिलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, बायको असं कधी टाळ्या वाजवून निरोप द्यायला आली नव्हती. त्यांना फार बरं वाटलं. त्यांनीही हात हलवला आणि बसमध्ये चढले.

"काय गं, काय झालं?" आतून सासूबाईंनी विचारलं. सूनबाईंनी तो कागद त्यांच्या हातात दिला. सासूबाईंनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचू लागल्या.

"आरोग्य सेवा महासंचालक पदासाठी प्रश्नावली. एक, संपूर्ण नाव. दोन, आपली शिफारस कोणी केली? नाव ठळक अक्षरात लिहावे. तीन, आपण या पदास पात्र आहात का? नसल्यास कारण द्यावे, असल्यास कारण देण्याची गरज नाही. चार, या पदाचे काम आपणास ठाऊक आहे का? हा प्रश्न ऐच्छिक आहे. पाच, सही." त्यांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. "आणि बाकीचे?"

सूनबाईंनी मान हलवली. बाकीचे नव्हते.

"सगळी सरकारी रुग्णालयं बघायला माणूस घेतायत ना हे? पाच प्रश्नांत? अगं, मी भाजीवाल्याला याहून जास्त विचारते!"

नऊ वाजले. सूनबाईंनी फोन लावला. पण बैठकीच्या दिवशी सगळे फोन दाराशी एका खोक्यात ठेवायचा नियम होता, आणि तो खोका बराच वेळ एकटाच वाजत राहिला.

अकराला एजन्सीची तिसरी बाई आली. चौदा प्रश्नांचा कागद तर गेला होता. सासूबाई म्हणाल्या, "थांब, हिला हेच विचारते." त्या बाईनं नाव सांगितलं, शिफारस एजन्सीनं केली म्हणाली, पात्र आहे म्हणाली, ऐच्छिक प्रश्न सोडून दिला आणि झोकदार सही केली. पाचपैकी पाच. मग तिनं सासूबाईंची उशी काढून स्वतःच्या पाठीला लावली आणि खुर्चीत बसल्या बसल्या तिला डुलकी लागली.

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, "ही महासंचालक झाली गं."

तिकडे छाननी कक्षात लिफाफा फोडला गेला होता.

समितीत तिघं. अध्यक्ष, एक सदस्या आणि एक सदस्य, ज्यांना सगळे 'डुलके सदस्य' म्हणत. शिपायानं लिफाफ्यातल्या कागदाच्या प्रती काढल्या. ज्या बाजूला मजकूर जास्त ती पुढची, असं तो मानत असे, आणि सूनबाईंनी पान भरून लिहिलं होतं. मागून राजमुद्रा हिरवट दिसत होती.

समोर उमेदवार. प्रचारसभांना लाउडस्पीकर पुरवण्याचा त्यांचा मोठा धंदा, म्हणून सगळे त्यांना भोंगेवाले म्हणत. त्यांच्या अर्जात 'वैद्यकीय अनुभव' या रकान्यात लिहिलं होतं, "स्वतःची दोन ऑपरेशने." 'आरोग्य क्षेत्रातील कार्य' इथे, "रुग्णालयांत एकूण त्रेचाळीस फिती कापल्या."

अध्यक्षांनी घसा साफ केला आणि पहिला प्रश्न वाचला. "हात कधी कधी धुता, आणि कसे?"

अधीक्षकांनी बायकोचं अक्षर ओळखलं. सकाळच्या टाळ्यांचा अर्थ त्यांना आता लागला. पण समितीत अधीक्षकानं विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा नियम. आणि गोपनीय कागद घरी विसरला हे सांगायचं म्हणजे निलंबन, तेही निवृत्तीला चार वर्षं उरलेली. बायको मौन पाळत होती ते नेम म्हणून, अधीक्षक पाळत होते ते नोकरी म्हणून. एवढाच काय तो फरक.

"मी... हात?" भोंगेवाले म्हणाले. "म्हणजे लाच वगैरे म्हणायचंय का? माझे हात स्वच्छ आहेत."

अध्यक्षांनी कागदाकडे पाहिलं. छाननीचा सगळ्यात मोठा नियम असा, की कागदावर जे असेल तेच विचारायचं. पूर्वी एका अध्यक्षांनी स्वतःच्या मनानं "का?" असा एक प्रश्न जास्तीचा विचारला होता. ते आता एका बेटावर दीपगृहाची नोंदवही तपासतात.

"दोन. याआधी ज्यांची काळजी घेतली, ती माणसं आता कशी आहेत?"

"मी जनतेची काळजी घेतो."

"त्यांच्या घरच्यांचा फोन नंबर द्या."

"जनतेच्या?"

"असं लिहिलंय," अध्यक्ष म्हणाले.

"तीन. झोपलेल्या माणसाची कूस एकट्यानं कशी बदलाल?" हे ऐकून डुलके सदस्य दचकून जागे झाले. आपल्याबद्दलच चाललंय असं त्यांना वाटलं.

"चार. चूक झाली तर कुणाला सांगाल, आणि किती वेळात?"

"चूक होणारच नाही!"

"असं म्हणेल त्याला घेऊ नये," अध्यक्षांनी कंसातली ओळ ओघात वाचली आणि मग जीभ चावली.

सहाव्या प्रश्नाला भोंगेवाल्यांना औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून दाखवायचं होतं. बाटली नव्हती, म्हणून सदस्याबाईंनी स्वतःच्या पर्समधली खोकल्याची दिली. भोंगेवाल्यांनी ती हातभर लांब धरली आणि म्हणाले, "हे वाचायला माझ्याकडे माणूस आहे." सातवा प्रश्न होता, "'मला हे येत नाही' असं सांगून आजवर एखादं काम सोडलंय का?" यावर मात्र ते खरोखर दुखावले. "अहो, असं केलं असतं तर मी आज इथे बसलो असतो का?"

अध्यक्ष उठले. "पाच मिनिटं," म्हणाले, आणि बाहेर जाऊन त्यांनी खोक्यातला फोन घेतला. वर लावला. 'वर' म्हणजे कुठे, ते कचेरीत कुणी बोलत नसे.

"सर, प्रश्न जरा... वेगळे आलेत. आपल्याकडूनच आलेत ना?"

वरच्या माणसाला काहीच ठाऊक नव्हतं. पण आपल्याला ठाऊक नाही हे खालच्याला कळू देणं त्याच्या पदाला शोभलं नसतं. "हो हो, अर्थातच," तो म्हणाला. "तंतोतंत पार पाडा."

अध्यक्ष परत आले ते ताठ होऊन. प्रश्न वरून आलेत हे एकदा कळल्यावर ते फारच अर्थपूर्ण वाटू लागले. सदस्याबाई म्हणाल्या, "मला पहिल्यापासून वाटलंच होतं." आणि त्यांनी शेवटचा, चौदावा, स्वतः वाचला.

"सुरुवातीला एक दिवस घरी येऊन काम करून दाखवावं लागेल. वेळ, उद्या सकाळी साडेआठ. पत्ता खाली दिला आहे." त्यांनी मान वर केली. "अधीक्षक, हा पत्ता कुणाचा?"

शेवटी एकदाचं अधीक्षकांना विचारलं गेलं होतं. खरं सांगायची हीच वेळ होती. त्यांनी तोंड उघडलं. "रुग्णाचा, मॅडम."

"खरा रुग्ण?"

"खरा. खुबा."

"वा," अध्यक्ष म्हणाले, "वरून किती बारकाईनं व्यवस्था केलीय. निरीक्षक म्हणून तुम्हीच जा."

संध्याकाळी अधीक्षक घरी आले ते चप्पल हातात घेऊन, जणू आवाज झाला नाही तर बायकोला कळणार नाही. सूनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या कधी आवाज चढवत नसत. राग आला की त्यांचा आवाज आणखी खाली जाई, आणि अधीक्षकांना पुढे वाकून ऐकावं लागे. आज ते जवळजवळ टेबलावर आडवे झाले होते.

"कागद बदलला त्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "पण अहो, तुमचा कागद मी वाचला. बावीस वर्षं तुम्ही हे विचारताय?"

"आम्ही नाही गं विचारत. प्रश्न वरून येतात."

"आणि उत्तरं?"

अधीक्षकांनी चप्पल खाली ठेवली.

"तीही वरूनच," खाटेवरून सासूबाई म्हणाल्या.

"आई, उद्या तू मला ओळखायचं नाहीस हं. उद्या मी तुझा मुलगा नाही, निरीक्षक आहे."

"बरं झालं सांगितलंस. इतकी वर्षं तू नक्की कोण आहेस ते मला कळतच नव्हतं."

गुरुवारी साडेआठला पांढरी गाडी फाटकाशी थांबली. भोंगेवाले उतरले, मागोमाग त्यांची बॅग घेऊन पन्नाशीचा ड्रायव्हर. दार सूनबाईंनी उघडलं. भोंगेवाल्यांनी हात जोडले. "नमस्कार ताई! आपल्यासारख्या मातांच्या सेवेसाठी मी गेली वीस वर्षं..."

सूनबाईंनी काही न बोलता बेसिनकडे बोट दाखवलं.

"...अहोरात्र झटत आलेलो..."

सूनबाईंचं बोट तसंच राहिलं.

आयुष्यात भोंगेवाल्यांना खूप लोकांनी शिव्या दिल्या होत्या, पण नुसतं गप्प राहून कुणी बघितलं नव्हतं. ही बाई कुणीतरी फार मोठी अधिकारी असणार, असं त्यांनी धरलं. त्यांनी नळाखाली चार बोटं भिजवली आणि पडद्याला पुसली. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या निरीक्षकांनी कागदावर एक फुली मारली. पडदा त्यांचाच होता, त्यामुळे फुली जरा जोरात उमटली.

"आजी, कशा आहात?" भोंगेवाले खाटेशी येऊन गरजले.

"आजी कुणाला म्हणतोस? माझ्या नातवंडांना अजून टक्कल पडलेलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "आणि ओरडू नकोस. खुबा मोडलाय, कान नाही." मग त्या थबकल्या. डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघू लागल्या. "परत बोल बरं. हा आवाज मी कुठेतरी ऐकलाय."

सूनबाईंनी पाठकोऱ्या कागदावर लिहून भोंगेवाल्यांसमोर धरलं: "डाव्या कुशीवर वळवा."

भोंगेवाल्यांनी बाह्या सरसावल्या, सासूबाईंचा दंड धरला आणि ओढला.

"अरे ए! मी माणूस आहे, कपाटाचा खण नाही!"

सूनबाई पुढे झेपावल्या, पण त्यांच्याआधी ड्रायव्हर पोचला. त्यानं बॅग खाली ठेवली होती, आणि कुणी न सांगता बेसिनशी जाऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले होते. "साहेब, सरका जरा," तो म्हणाला. मग खाली वाकून विचारलं, "आई, कुठल्या कुशीला बरं वाटतं तुम्हाला?"

सासूबाईंनी त्याच्याकडे मान वळवली. रुग्णालयातल्या अकरा दिवसांत हे त्यांना कुणीही विचारलं नव्हतं. "डाव्या," त्या हळूच म्हणाल्या. ड्रायव्हरनं पायांमधली उशी घट्ट धरून ठेवली, एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे, आणि पान उलटावं तसं त्यांना वळवलं. पाठीच्या जखमेवर नजर गेली तेव्हा तो फक्त "च्च" म्हणाला.

"कुठे शिकलास रे बाबा?"

"वडील सहा वर्षं अंथरुणाला होते, आई."

"बघा," भोंगेवाले निरीक्षकांना म्हणाले, "झालं की नाही काम? माझ्याच माणसानं केलं. लिहा."

आणि त्या "लिहा"वर सासूबाईंना आठवलं. "हाच तो!" त्या म्हणाल्या. "सूनबाई, हाच गं! फीतवाला!"

भिंतीवरच्या घड्याळात नऊचे ठोके पडू लागले. सूनबाईंनी नववा पडेपर्यंत वाट पाहिली. मग बोलल्या.

"काय म्हणालात?" भोंगेवाल्यांनी कानाला हात लावला. "जरा मोठ्यानं बोला, ताई."

"नाही. तुम्ही जवळ या."

ते जवळ आले. लाउडस्पीकरवर ज्यांचं आयुष्य गेलं, ते मान वाकवून उभे राहिले.

"गेल्या महिन्यात तुम्ही वॉर्डात नवीन पंख्यांची फीत कापायला आला होतात," सूनबाई म्हणाल्या. "यांची खाट फोटोत मधे येत होती. म्हणून ती भिंतीला टेकवली. 'लावा, लावा, भिंतीला लावा,' हे तुम्हीच म्हणालात, मी तिथे होते. फोटो झाल्यावर खाट परत जागेवर आणायचं कुणाला आठवलं नाही. चार दिवस. भिंतीकडून कूस बदलता येत नव्हती, घंटीला हात पोचत नव्हता. साठ खाटांना एक नर्स. मी आत यायचं तर भेटीची वेळ संध्याकाळी पाच ते सहा. ही जखम त्या चार दिवसांतली आहे."

"ताई, अशा बारीकसारीक गोष्टी..."

"बारीकच आहे. माझ्या तळहाताएवढी." त्यांचा आवाज आणखी उतरला. "मी बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. पोतं आलं की शंभर दाणे मोजून ओल्या कागदावर ठेवते. ऐंशी उगवले नाहीत तर पोतं परत. ते कुणाच्या मेहुण्याचं आहे, हे मी विचारत नाही. एका पोत्याला एवढं करतो आम्ही. आणि तुम्हाला सगळी रुग्णालयं देणार, ती काय बघून?"

भोंगेवाल्यांनी कसंबसं हसून पाहिलं. "अहो, महासंचालकाला स्वतः कूस बदलावी लागत नाही. हाताखाली माणसं असतात."

"त्या माणसांनी ती बदलली की नाही, हे ज्याला समोर बघून कळत नाही, तो खुर्चीत बसून काय बघणार आहे?"

भोंगेवाले निरीक्षकांकडे वळले आणि ओळखीचं हसले, म्हणजे बावीस वर्षं सगळेच उमेदवार हसत आले होते तसं. "तुम्ही लिहा हो, नेहमीचं."

अधीक्षकांनी पेन टेकवलं. 'आक्षेप' एवढं लिहून झालं. हाताला सवयच ती. पुढे 'नाही' लिहायचं. त्यांनी मान वर केली. बायको त्यांच्याकडे बघत होती आणि नऊ वाजून गेले असूनही काही बोलत नव्हती. आईनं मात्र कूस न बदलता विचारलं, "काय रे निरीक्षका, शाई संपली का?"

अधीक्षकांनी 'आक्षेप'च्या पुढे 'चौदा' लिहिलं. खाली एकेक करून चौदाही मांडले, पडद्यासकट. सुरेख अक्षरात.

अध्यक्षांनी त्या अहवालावर न वाचता सही केली. बावीस वर्षांत वाचावं लागेल असं त्यात कधी काही आलंच नव्हतं. वरच्यांनीही तो 'आपणच मागवलेला' म्हणून स्वीकारला. आणि राज्याच्या इतिहासात पहिल्यांदा एक उमेदवार छाननीत गळला.

शनिवारी सकाळी ड्रायव्हर काम मागायला दाराशी उभा होता. हातात स्वतःची पिशवी. गुरुवारी परतीच्या वाटेवर भोंगेवाले त्याला बरंच बोलले होते. चारचौघांत मला खाली पाहायला लावलंस म्हणाले. त्यानं गाडी नीट बाजूला लावली, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि बसनं घरी गेला. अधीक्षकांनी परत आणलेला चौदा प्रश्नांचा कागद सूनबाईंनी त्याच्यापुढे धरला. तो एकेका प्रश्नाचं उत्तर देत गेला. सातव्याला थांबला.

"'मला येत नाही' म्हणून काम सोडलंय का? हो, सोडलंय. एकदा साहेब म्हणाले, तलावात फोटो काढायचाय, मोटारबोट चालव. मी म्हटलं, मला नाही येत. बुडालो असतो सगळे."

"सोमवारपासून या," सूनबाई म्हणाल्या.

अधीक्षक त्याच वेळी वर्तमानपत्र वाचत होते. वाचता वाचता त्यांचा चहा बशीत सांडू लागला.

"काय झालं?"

"अध्यक्षांची मुदत संपली," अधीक्षक म्हणाले. "छाननी समितीचे नवे अध्यक्ष नेमलेत. 'कठोर छाननीचा प्रत्यक्ष अनुभव असलेले एकमेव व्यक्तिमत्त्व' म्हणून."

सूनबाईंनी पेपर घेतला. फोटोत भोंगेवाले हार घालून उभे होते.

"यांची छाननी कुणी केली?"

"छाननी समितीच्या अध्यक्षांची छाननी करायची तरतूद नाही." अधीक्षकांनी मान खाली घातली. "तसा फॉर्मच नाही."

सूनबाईंनी पेपरच्या त्याच पानानं सांडलेला चहा पुसला.

नव्या अध्यक्षांनी शनिवारी दुपारीच पदभार घेतला आणि तासाभरात पहिला हुकूम काढला. अधीक्षकांना वाटलं, चौदा प्रश्नांचा कागद जाळायला सांगतील. पण भोंगेवाल्यांच्या मनात वेगळंच खदखदत होतं. मी एकट्यानंच का? मला त्या बेसिनशी उभं केलंत ना? मग आता बाकीच्यांची मजा बघतो. हुकूम असा होता, की यापुढे कोणत्याही पदाच्या, कोणत्याही खात्याच्या, प्रत्येक उमेदवाराला हेच चौदा प्रश्न शब्दशः विचारावेत, आणि चौदाव्या प्रश्नातली कामगिरी दिलेल्या वेळी, दिलेल्या ठिकाणी पार पाडावी. एकही शब्द गाळू नये.

पत्ता हाही शब्दच होता. अधीक्षकांना तसं सुचवायचं होतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही. सुट्टी रद्द करून रविवारीच सगळ्या उमेदवारांना प्रश्न विचारले गेले.

सोमवारी आठ पंचवीसला सूनबाईंनी कामावर जायची पिशवी भरून ठेवली. आत ड्रायव्हर सासूबाईंची पाठ पुसत होता, जखम सुकायला लागली होती. दाराची घंटी वाजली. सूनबाईंनी दार उघडलं.

फाटकापासून पायऱ्यांपर्यंत रांग होती. सगळे कडक इस्त्रीचे कपडे, सगळ्यांच्या हातात फायली. एक बंदरांचा प्रमुख होणार होता, एक वीजमंडळाचा, एक विद्यापीठाचा कुलगुरू. मागे कुणीतरी कुणाला सांगत होतं, "माझी वरून शिफारस आहे, मला पुढे सोडा." रस्त्याच्या पलीकडे पांढऱ्या गाडीत नवे अध्यक्ष खिडकीची काच खाली करून, मोठ्या समाधानानं बघत बसले होते.

"कोण आलंय गं?" आतून सासूबाईंनी विचारलं.

नऊ वाजायचे होते. सूनबाईंनी दार पूर्ण उघडलं, पहिल्या उमेदवाराच्या हातातली फाईल काढून घेतली, आणि त्या हातावर साबणाची वडी ठेवली.